एका संगणकात विंडोज आणि लिनक्स : दारावरचा ‘बूट लोडर’ समजून घेऊया



आधी माझी एक चूक सांगतो. आमच्या शाळेतल्या एका जुन्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं. लिनक्स फारसं कुणी वापरत नव्हतं, म्हणून मी एका दुपारी विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन सरळ डिलीट केलं. संगणक पुन्हा चालू केला तर काळा पडदा, त्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द, आणि पुढे काहीच नाही. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, “सर, फॉरमॅट करावं लागेल.” मी घाईत हो म्हटलं. दोन वर्षांच्या आकारिक नोंदी आणि स्नेहसंमेलनाचे फोटो गेले.

नंतर कळलं की त्या दिवशी विंडोज जागेवरच होतं, फाइलीही जागेवर होत्या. बिघडलं होतं ते फक्त संगणकाचं ‘दार’. एका ओळीच्या आज्ञेने ते उघडलं असतं. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळेतले आणि घरातले बरेच चांगले चालणारे संगणक त्यात बसत नाहीत. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने तयार केलेलं बॉस लिनक्स त्यांवर चालू शकतं. पण जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका आणि काही सॉफ्टवेअर विंडोजशिवाय उघडत नाहीत. मग दोन्ही ठेवायचं, म्हणजेच ड्युअल बूट.

बूट लोडर म्हणजे काय?

एकाच इमारतीत सकाळ सत्र आणि दुपार सत्र भरणारी शाळा डोळ्यांसमोर आणा. इमारत एक, शाळा दोन, आणि एका वेळी एकच भरते. फाटकावरचा शिपाई विचारतो, “कोणतं सत्र?” आणि त्याप्रमाणे वर्ग उघडून देतो. संगणकात हे काम बूट लोडर करतो. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा प्रोग्राम आधी जागा होतो, तो बूट लोडरला बोलावतो आणि बूट लोडर विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देतो.

विंडोजच्या शिपायाचं नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’. लिनक्सचा सर्वांत प्रचलित शिपाई म्हणजे ‘ग्रब’. ग्रब विंडोजलाही बोलावू शकतो. विंडोजचा बूट मॅनेजर मात्र लिनक्सची आपणहून दखल घेत नाही. म्हणून आधी विंडोज आणि नंतर लिनक्स बसवायचं, हा क्रम ठरलेला आहे.

शिपाई बसतो कुठे?

हे संगणकाच्या वयावर अवलंबून आहे.

जुनी पद्धत, बायोस : डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक तुकडा असतो, त्याला एमबीआर म्हणतात. त्यातले ४४६ बाइट बूट लोडरच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या यादीला आणि २ बाइट खुणेला. ४४६ बाइटमध्ये अख्खा ग्रब मावत नाही. म्हणून त्याचा छोटा तुकडा तिथे, थोडा भाग त्याच्या लगेच पुढे आणि उरलेला लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो. आता माझी चूक लक्षात आली ना? मी लिनक्सचं पार्टिशन पुसलं आणि शिपायाचं निम्मं सामान फेकून दिलं. तो दारात उभा होता, पण त्याच्याकडे किल्ल्या नव्हत्या.

नवी पद्धत, यूईएफआय : इथे डिस्कवर ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ नावाची छोटी वेगळी खोली असते. विंडोजने केलेली ही खोली बहुधा १०० एमबीची असते. तिच्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर आणि उबुंटूचं दुसरं, असे दोन्ही शिपाई शेजारी शेजारी राहतात. आधी कुणाला हाक मारायची तो क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला असतो आणि आपल्याला बदलता येतो.

तुमचा संगणक कोणता, हे बघायला विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ वाचा. ‘लेगसी’ असेल तर जुनी पद्धत, ‘यूईएफआय’ असेल तर नवी. विंडोज ज्या पद्धतीत आहे त्याच पद्धतीत लिनक्स बसवायचं. एक जुन्यात आणि दुसरं नव्यात गेलं तर दोघांची गाठ पडत नाही.

बसवण्यापूर्वीची तयारी

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही पायरी गाळू नका.

२. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. सुरू होण्याचा क्रम बदलला की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर आतल्या फाइली उघडत नाहीत.

३. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. हे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये सापडतं. ते चालू असताना शटडाऊन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. सकाळ सत्राने दप्तरं वर्गातच ठेवून नुसतं दार लोटून जावं, तसं. अशा वेळी लिनक्सने विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

४. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ड्राइव्ह ‘श्रिंक’ करून जागा मोकळी करा. किमान २५ जीबी, जमलं तर ५० जीबी. मोकळ्या जागेला नवा ड्राइव्ह म्हणून नाव देऊ नका, ती तशीच सोडा.

‘सिक्युअर बूट’ बंद करावं लागेल का, असं बरेच जण विचारतात. उबुंटू आणि फेडोरासारख्या वितरणांचा बूट लोडर सहीशिक्क्यासह येतो, त्यामुळे साधारणपणे गरज पडत नाही.

बसवताना

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केल्यावर इन्स्टॉलर विचारतो : विंडोजसोबत बसवू, की पूर्ण डिस्क पुसून बसवू? इथे थांबा आणि दोनदा वाचा. आपल्याला पहिला पर्याय हवा. स्वतः पार्टिशन निवडत असाल तर ईएफआय सिस्टीम पार्टिशन वापरायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. त्यात विंडोजचा शिपाई राहतो.

नंतर येणाऱ्या अडचणी

ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नाही : ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. लिनक्सच्या ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करा. ओळ इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्द खालच्या रेघेने जोडून आणि बरोबरच्या चिन्हापुढे ‘फॉल्स’ छोट्या अक्षरांत. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्या. उबुंटू आणि मिंटमध्ये ती चालते.

आपोआप विंडोज सुरू व्हावं असं वाटतं : त्याच फाइलीत ‘ग्रब डिफॉल्ट’पुढे आकडा असतो. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे विंडोज यादीत तिसरं असेल तर २ लिहायचं. बदलानंतर वरचीच आज्ञा पुन्हा द्या.

विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स गायब : नवीन पद्धतीच्या संगणकात बहुतेक वेळा फक्त हाकेचा क्रम बदललेला असतो. चालू करतानाच एफ २, एफ १२ किंवा डिलीट दाबून सेटअपमध्ये जा (कंपनीप्रमाणे बटण वेगळं असतं) आणि उबुंटूला पुन्हा वर आणा.

घड्याळ साडेपाच तास चुकतं : विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. भारतातला फरक म्हणजे हेच साडेपाच तास. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

लिनक्स काढून टाकायचं आहे : आधी दार बदला, मग खोली पाडा. नव्या पद्धतीत सेटअपमध्ये विंडोज बूट मॅनेजरला वर आणा आणि विंडोज नीट सुरू होतं ना ते बघा. जुन्या पद्धतीत विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या भागात, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बूटरेक’ ही आज्ञा ‘फिक्स एमबीआर’ या पर्यायासह द्या. लिनक्सचं पार्टिशन त्यानंतरच पुसा.

हीच ती एका ओळीची आज्ञा, जी मला त्या दिवशी माहीत नव्हती.

काळा पडदा दिसला तर

काळा पडदा दिसला म्हणजे डेटा गेला, असं समजू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ हा पर्याय घेऊन संगणक सुरू करा, तो डिस्कला धक्का न लावता चालतो. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचा ड्राइव्ह उघडून बघा. फाइली दिसल्या तर आधी त्यांची प्रत घ्या, मग दुरुस्तीला लागा. ड्राइव्हला बिटलॉकर असेल तर तुमच्या कागदावरची की इथे उपयोगी पडेल.

आणि कुणी “फॉरमॅट करावं लागेल” म्हणालं, तर होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा : “आधी पेनड्राइव्हवरून आतल्या फाइली बघूया का?” मी तो विचारला असता, तर मुलांच्या नोंदी आज माझ्याकडे असत्या.