कपावरचं वारली, आणि ते काढणाऱ्या बाया

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आज वारली चित्र असलेली एखादी तरी वस्तू असेलच. चहाचे कप, उशीचा अभ्रा, दिवाळीच्या पणत्या, नाहीतर तो गेरूच्या रंगाचा कुर्ता. आमच्या चिखलीत हळदीकुंकवाच्या वाणातसुद्धा वारलीच्या वाट्या येऊन गेल्या. शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलं त्रिकोणावर त्रिकोण ठेवून माणूस काढतात आणि “बाई, झालं वारली!” म्हणून वही पुढे करतात. सोपं, सुबक, कुठेही शोभणारं. मग तक्रार कसली, असं तुम्ही म्हणाल. तक्रार नाही, पण एक प्रश्न आहे. हे मुळात काढलं कुणी?

वारली हे नक्षीचं नाव नव्हे, माणसांचं नाव आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागात राहणारा हा आदिवासी समाज. त्यांच्याकडे लग्न निघालं की आधी घरातल्या भिंतीची तयारी. कुडाची भिंत शेणाने सारवायची, तिला गेरू लावायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने त्यावर चौक काढायचा. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. चौकाच्या मधोमध पालघट देवी. हा चौक काढायचा मान सवाशिणींचा. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच बरं का! आपल्याकडे एखादी बाई लग्न लावायला उभी राहिली तर अजून लोक वळून वळून बघतात.

म्हणजे आपण ज्याला आज “डिझाइन” म्हणतो, ते बायकांनी बायकांच्या हाताने, लग्नघरात देवीसाठी काढलेलं चित्र. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकारामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि पाड्याबाहेरच्या जगाला दिसली. मग जिव्या सोमा मशे यांचं नाव झालं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची योग्यता फार मोठी. लग्नाच्या चौकापुरती असलेली कला त्यांनी रोजच्या जगण्यावर आणली. त्यांचं नाव झालं याचा आनंदच आहे. पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या ज्या सवाशिणींनी चौक काढले, त्यांतल्या एकीचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का?

कुणी म्हणेल, लोककलेला कुठे नाव असतं? आपली भुलाबाईची गाणी कुणी रचली, ठाऊक आहे का? खरं आहे. पण भुलाबाईची गाणी आपण अंगणात म्हटली, खिरापत ओळखली, वाटून खाल्ली आणि घरी गेलो. त्यावर कुणी दुकान थाटलं नाही. जोवर वस्तू घरातल्या घरात फिरते तोवर नाव नसलं तरी चालतं. तिला किंमतीची चिठ्ठी लागली, की ते पैसे कुणाच्या पदरात पडले हे विचारावंच लागतं.

आता मोबाइलमुळे तर सगळं क्षणात इकडचं तिकडे होतं. आमच्या ओळखीत मेंदी काढणारी एक मुलगी आहे. तिने काढलेल्या नवरीच्या हाताचा फोटो दुसऱ्या गावातल्या कुणी तिचं नाव कापून आपला म्हणून लावला. त्या फोटोवर लग्नाची कामं मिळाली ती त्यांना. ही म्हणते, “मॅडम, नाव गेलं त्याचं एवढं नाही, पण सीझन गेला ना!”

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. जलाया हार्मन ही जॉर्जिया राज्यातली १४ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. तिने २०१९ मध्ये ‘रेनेगेड’ नावाचा नाच बसवून इंटरनेटवर टाकला. तो टिकटॉकवर गेला (आपल्याकडे ते २०२०पासून बंद आहे) आणि गोऱ्या मुली तोच नाच करून प्रसिद्ध झाल्या. बसवणारीचं नाव कुठेच नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने तिची हकिगत छापली, तेव्हा कुठे तिला शिकागोच्या बास्केटबॉल सामन्यात नाचायला बोलावलं. पुढच्या वर्षी तर तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी, एका नव्या गाण्यावर नाच बसवायचाच नाही, असा चक्क संप केला.

आपल्यालाही राग येतो, नाही असं नाही. जून २०२५मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने आपली कोल्हापुरी चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये आणली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. केवढा गहजब झाला! आपण सगळ्यांनी संदेश पुढे पाठवले. शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून भारतात दोन हजार जोड बनवायचं ठरलं. छान झालं. पण एक विचारते. ती चप्पल करणाऱ्या चर्मकार कुटुंबाचं नाव आपण तरी कधी विचारलं होतं? आपण तर दुकानात घासाघीस करून पन्नास रुपये कमी करून घेतो. परक्याने नाव खाल्लं की चोरी, आणि आपण खाल्लं की रीत, हे काही बरोबर नाही.

कायदा आहे, पण त्याचे हात आखूड आहेत. कॉपीराइट लागतो तो एखाद्या ठरावीक कलावंताच्या कामाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चौकाला तो कसा लागणार? म्हणून भौगोलिक मानांकन असतं. वारली चित्रांना ते २०१४ साली मिळालं, कोल्हापुरीला २०१९ साली. पण ते सांभाळतं नाव. कुणी “ट्रायबल प्रिंट” एवढंच लिहून तीच त्रिकोणी माणसं कापडावर छापली, तर त्याला अडवणं कठीण.

तेव्हा आपल्या हातात काय आहे ते बघू. पुष्कळ जणी घरी पणत्या, पिशव्या रंगवून विकतात. जरूर विका, मेहनत तुमचीच आहे. फक्त “अस्सल वारली” असं लिहू नका, “वारली शैली, रंगवणारी अमुक-अमुक” असं लिहा. तुमचंही नाव राहतं, त्यांचंही. कुणाच्या मेंदीचा, रांगोळीचा, पाककृतीचा फोटो पुढे पाठवताना खाली तिचं नाव टाका. माहीत नसेल तर पाठवणारीला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. वर्गात वारली शिकवणाऱ्या बाईंनी त्रिकोणाआधी पालघट देवी आणि धवलेरी सांगावी. मुलं ते कान देऊन ऐकतात.

आणि मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये किंवा अशा एखाद्या प्रदर्शनात गेलात, तर जिथे वारली बाई स्वतः बसली असेल तिथूनच घ्या. छापील कपापेक्षा चार पैसे जास्त पडतील. घेतल्यावर चित्राच्या मागे तिला नाव आणि पाडा लिहायला सांगा. लाजली, तर पेन तुम्हीच पुढे करा.