काचेच्या धाग्याची नोकरी

“रस्त्यावर उभं राहून वायरी जोडायच्या, हे काय बाईमाणसाचं काम?” आई म्हणाली होती. दहावीनंतर मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला. आता चाकण एमआयडीसीत खोदकामात केबल तुटली, की फोन मला येतो. कारखान्यांची कामं अडलेली असतात. ओटीडीआर यंत्र केबलमध्ये प्रकाश सोडून किती अंतरावर तुटलंय ते सांगतं. मग १२५ मायक्रॉनचे, म्हणजे साधारण केसाएवढे, काचेचे धागे पुसून, सरळ कापून, विजेच्या ठिणगीनं सांधायचे. २०२२मध्ये देशात ५जी आलं, तरी अनेक टॉवरपर्यंतचं जाळं याच धाग्यांचं. मैत्रिणींनो, इथं ताकद नाही, स्थिर हात लागतो. सुईत दोरा ओवणाऱ्या आपल्याकडे तो आहेच! परवा आईनंच भाचीसाठी पॉलिटेक्निकची चौकशी केली.