कळसूबाईच्या पायऱ्या आणि गुरूचा धगधगता चंद्र

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून कळसूबाईची वाट चढू लागले, की डोंगराच्या अंगावरच्या आडव्या पायऱ्या दिसतात. एकावर एक रचलेले हे लाव्हाचे थर आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला. दख्खनच्या या थप्पीतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे जुन्या गटाला भूशास्त्रज्ञांनी नावच ‘कळसूबाई उपगट’ असे दिले आहे.

असे उद्रेक आज पृथ्वीवर होत नाहीत. ते समजून घ्यायला जिवंत नमुना हवा असेल, तर गुरू ग्रहाच्या ‘आयो’ या चंद्राकडे पाहावे लागते. आपल्या चंद्राहून किंचित मोठ्या या गोळ्यावर 400 च्या आसपास ज्वालामुखी धगधगत आहेत. 8 मार्च 1979 रोजी ‘व्हॉयेजर 1’ने टिपलेले छायाचित्र लिंडा मोराबिटो ही अभियंता तपासत होती, तेही यानाचा मार्ग ठरवण्यासाठी. तिला आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग दिसला. पृथ्वीबाहेर पेटता ज्वालामुखी सापडण्याची ती पहिली वेळ. गंमत म्हणजे आयोचे पोट वितळलेले असावे, असे भाकीत करणारा स्टॅन्टन पील आणि सहकाऱ्यांचा लेख त्याच्या काही दिवस आधीच छापून आला होता.

एवढ्याशा चंद्रात ही उष्णता येते कुठून? आयो साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो. युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारी त्याची कक्षा गोल होऊ देत नाहीत, त्यामुळे तो कधी गुरूच्या जवळ जातो, कधी दूर. गुरूची ओढ तशी कमी-जास्त होते आणि कणीक तिंबावी तसा तो आतून मळला जातो. त्या घर्षणाने खडक वितळतो. दख्खनच्या लाव्हामागे मात्र पृथ्वीच्या पोटातलीच उष्णता होती. साम्य आहे ते भेगांतून मोठ्या प्रमाणावर वाहणाऱ्या लाव्हाचे.

आयोच्या पोटात सगळीकडे लाव्हाचा समुद्र असावा, असा एक तर्क होता. ‘जुनो’ यान डिसेंबर 2023 आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आयोपासून सुमारे 1,500 किलोमीटरवरून गेले. त्या मोजमापांवरून तसा उथळ, सलग समुद्र तिथे नसल्याचे दिसते.

लाव्हा नेमका कुठून वर आला, हा प्रश्न नगर जिल्ह्यातही आहे. संगमनेर परिसरात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, म्हणजे ‘डाइक’, जमिनीतून डोके काढतात. भेगेत वर चढता चढता थिजलेला हा लाव्हा. निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांनी 2006 मध्ये या भिंतींची रासायनिक जडणघडण आसपासच्या थरांशी ताडून पाहिली.

विहीर खणणाऱ्याला हा अभ्यास परका नाही. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरमात आणि फटींत साठते. जमिनीखालून गेलेली डाइक कधी बांधासारखी पाणी अडवते. मग एका शेतातल्या विहिरीला पाणी असते आणि भिंतीपलीकडची कोरडी राहते.