शाळेत कॅमेरा बसला, पण फुटेज बघतंय कोण? पालकांनी विचारायचे चार प्रश्न

बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालं आणि अख्खा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय म्हणजेच जीआर काढला. तो शहरातल्या इंग्लिश मीडियमला लागू आहे, तसाच आपल्या गावच्या झेडपी शाळेलाही लागू आहे.

जीआर काय सांगतो?

- शाळेत आणि आवारात मोक्याच्या ठिकाणी सीसीटीव्ही हवा. खासगी शाळांना त्यासाठी एक महिन्याची मुदत होती. न बसवल्यास अनुदान रोखणे किंवा मान्यता काढणे, अशी कारवाई होऊ शकते.
- मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायचं.
- शिपाई, सफाई कामगार, गाडीचा ड्रायव्हर अशा कर्मचाऱ्यांची नेमणूक करताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करायची.
- तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती हवीच.
- गैरप्रकार कळल्यास शाळेने २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं.

मग अडतं कुठे?

कॅमेरा भिंतीवर दिसतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण लाईट नसली, हार्ड डिस्क भरली किंवा मशीनच बंद पडलं, तर तो नुसता शोभेचा. तक्रारपेटीचंही तसंच. कुलूप गंजलं असेल तर पोरांनी चिठ्ठी टाकून उपयोग काय?

आपल्या हातात काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा:

१. कॅमेरे चालू आहेत का? किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं?
२. फुटेज कोणी, कधी तपासलं? नोंद दाखवा.
३. तक्रारपेटी शेवटची कधी उघडली?
४. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी "होय, होय" वर उठू नका.

पोराने काही सांगितलं तर?

आधी शांतपणे ऐकून घ्या. मग थेट पोलीस ठाणे गाठा, किंवा १०९८ वा ११२ ला फोन करा. शाळेच्या चौकशीची वाट बघायची गरज नाही. "गावची बदनामी नको" म्हणून प्रकरण मिटवणं हा गुन्हा ठरू शकतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखाने लपवलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि एक लक्षात ठेवा: पीडित मुलाचं नाव, फोटो, घर किंवा शाळा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हाही गुन्हाच आहे.