चार पासपोर्ट, पाच इच्छा

मुलं लहान असताना सहल ठरवणं किती सोपं असतं, नाही? आपण ठरवायचं, आपण दशम्या-चटणी बांधायची आणि मुलांनी एसटीत खिडकीसाठी भांडायचं. गणपतीपुळे की गोवा, एवढाच काय तो प्रश्न! मुलं मोठी झाली की मात्र हे गणित पार बदलतं. आमची लेक हैदराबादला नोकरी करते. मुलगा नुकताच इंजिनिअर झालाय, ऑक्टोबरच्या मध्याला बंगळूरला रुजू होणार. दोघं एकाच आठवड्यात घरी सापडायची तर दिवाळीच यावी लागते. त्यात पुढच्या एक-दोन वर्षांत लेकीचं लग्न. म्हणजे चौघांनीच मिळून कुठं जायचं असेल तर ते आत्ताच. इटलीचं खूळ लेकीनंच काढलं. "माझं आणि आईचं विमानाचं तिकीट मी काढते," असं तिनं जाहीर केल्यावर नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

पण हो म्हटल्यावर आठ दिवस नुसता गोंधळ! हे म्हणत, एखाद्या टूर कंपनीबरोबर जाऊ, जेवणाची तरी काळजी नको. लेक म्हणे, झेंड्यामागून पळायला मी येणार नाही. मुलगा रोज मोबाइलवर नवं गाव दाखवी. सगळे एकदम बोलत होते नि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

मी गेली चौदा वर्षं आमच्या सातारा भागात बचत गटांचं काम करते. गटाच्या बैठकीत आमचा एक नियम आहे. चर्चा नंतर, आधी प्रत्येकीनं आपलं म्हणणं सांगायचं आणि ते वहीत उतरवायचं. तसं केलं नाही तर मोठ्या आवाजाच्या तिघी ठरवतात नि बाकीच्या सतरा जणी माना डोलावतात. हाच नियम मी घरात लावला. दोनशे पानी वही आणली आणि सांगितलं, प्रत्येकानं एक 'पाहिजेच' नि एक 'नकोच' लिहायचं. एकच. त्यावर कुणी हसायचं नाही.

यांनी लिहिलं : रोमचं कलोसियम पाहिजेच, रोज पहाटे उठून पळणं नको. लेकीनं लिहिलं : व्हेनिसला दोन रात्री पाहिजेतच, ग्रुप टूर नको. मुलाला मारानेल्लोचं फेरारीचं संग्रहालय बघायचं होतं, आणि दिवसाला एकापेक्षा जास्त म्युझियम नको होतं. मग वही माझ्यापुढं आली. "तुम्ही न्याल तिकडं" हे वाक्य अगदी ओठांवर होतं. पण गटात नवी बाई "सगळ्यांचं तेच माझं" म्हणाली तर मी ते लिहून घेत नाही. मग स्वतःला कशी सूट देणार?

मी लिहिलं, नेपल्सची लक्ष्मी.

तिघंही माझ्याकडं बघत राहिले. मग सांगितलं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पॉम्पेई हे शहर गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या उत्खननात एक वीतभर उंचीची हस्तिदंती बाई सापडली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी, घडण अस्सल भारतीय. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणू लागले. आता बरेच अभ्यासक ती यक्षी असावी असं मानतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या काळात इथून रोमन साम्राज्याशी केवढा व्यापार चालायचा! बी.ए.ला असताना कॉलेजच्या सहलीत मी तेरचं संग्रहालय पाहिलं होतं. तेव्हापासून तिकडं समुद्रापार गेलेली तिची बहीण बघायची मनात होती. पंचवीस वर्षांत हे घरात कधी बोलले नव्हते, कारण कधी विषयच निघाला नाही. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ज्या दालनात आहे, ते शृंगारिक वस्तूंचं दालन. पूर्वी ते कुलूपबंद असायचं, २००० सालापासून लोकांना खुलं झालं. मुलं मोठी असण्याचा हाही एक फायदा म्हणायचा!

आणि माझं 'नकोच'? तिथं मला स्वयंपाक नको. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेण्याचा बेत चालला होता. "म्हणजे आई रात्री खिचडी टाकेल," असं मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला होता. मी म्हटलं, घर घ्या, कुकरही घ्या, पण खिचडी ज्याला हवी तो टाकेल. लेकीनं टाळी दिली आणि साध्या हॉटेलातल्या दोन खोल्या ठरल्या.

हे सगळं चाललं होतं तेव्हा सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होत्या. वय वर्षं त्र्याऐंशी. त्यांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून वही त्यांच्यापुढं गेलीच नव्हती. त्या एकदम म्हणाल्या, "इटली म्हणजे तीच ना, जिथं माझे वडील राहिले?"

आमच्या भागात हे नवल नाही. साताऱ्याच्या गावांमधून घरटी माणूस फौजेत गेलेला. आईंचे वडील मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात गेले ते आलेच नाहीत. आई तेव्हा दोन वर्षांच्या. तार आली होती म्हणतात, पण ती कुणी जपली नाही. त्यांची तिथी कुणालाच ठाऊक नसल्यानं माहेरचे चुलतभाऊ त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढत आले. 'इटलीत गेले' एवढंच घरात माहीत होतं. ती इटली नि आमची सहलीची इटली एकच, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सप्टेंबर १९४३ ते मे १९४५ या काळात सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक इटलीत जर्मनांशी लढले. पाच हजारांहून अधिक तिथंच कामी आले. रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना तिथल्याच लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावात सूर्यघडीचं स्मारक उभं राहिलंय.

लेकीनं त्याच रात्री लॅपटॉप उघडला. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोग म्हणून एक संस्था आहे, १९१७ पासूनची. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंदवही त्यांनी सगळ्यांना विनामूल्य खुली ठेवली आहे. फक्त इंग्रज कारकुनांनी आपल्या आडनावांचं काय करून ठेवलंय ते विचारू नका! तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधून झालं. शेवटी वडिलांचं नाव नि गाव यांवरून ओळख पटली. एप्रिल १९४५. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. फोर्ली या गावी भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. ज्यांचं दहन झालं अशा सुमारे आठशे जणांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यात हेही एक.

नोंदीत तारीख होती. आमच्या गुरुजींनी जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली. आईंनी ती तीनदा विचारून घेतली नि गप्प बसल्या. ऐंशी वर्षांनी वडिलांची तिथी कळली होती त्यांना.

तर असे पासपोर्ट चार आणि इच्छा पाच झाल्या. मग नकाशा पसरला. काय योग बघा, मुलाची फेरारी नि आजींचं फोर्ली, दोन्ही बोलोन्या शहराच्या आसपास निघाली! बोलोन्याहून फोर्ली रेल्वेनं पाऊण तास. दुसऱ्या दिशेला मोडेना अर्धा तास, तिथून बसनं मारानेल्लो. शिवाय बोलोन्या फ्लोरेन्स-व्हेनिसच्या वाटेवरच आहे. त्यामुळे बेत असा ठरला : रोमला चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, बोलोन्याला दोन, व्हेनिसला दोन. रोमहून नेपल्सला वेगवान गाडी सव्वा तासात पोचवते, म्हणून ते एका दिवसात जाऊन येऊन. पिसाचा मनोरा नि मिलान यांच्यावर फुली मारली. पाच इच्छांत ती कुणाचीच नव्हती.

पैशांचं बोलणंही त्याच वहीत झालं. घरात किती येतात, घराचे हप्ते किती, लेकीच्या लग्नासाठी काय बाजूला ठेवलंय, हे यांनी मुलांपुढं पहिल्यांदाच मांडलं. युरो आता शंभर रुपयांच्या वर. 'नऊ लाखांच्या पुढं जायचं नाही' असं ठळक लिहून खाली चौघांच्या सह्या घेतल्या. लेक दोन तिकिटं काढणार, बाकी आम्ही. मुलाच्या खात्यात पैसे नाहीत पण हाताशी वेळ आहे, म्हणून सगळं बुकिंग त्याच्याकडं. मोठ्या मुलांना घरचा हिशेब दाखवायला आपण उगाच कचरतो. हिशेब दिसल्यावर मुलानंच व्हेनिसमधलं कालव्याकाठचं हॉटेल काढून टाकून दोन गल्ल्या आतलं निवडलं.

ज्यांच्या घरी असाच बेत शिजतोय त्यांच्यासाठी आमच्या वहीतल्या काही नोंदी सांगते. व्हिसा प्रत्येकाचा स्वतंत्र. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण तितका उशीर करूच नका. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी व्हिसाचं शुल्क नव्वद युरो आहे, सेवाशुल्क वेगळं. किमान तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. सज्ञान मुलं अर्जात 'आईवडिलांसोबत' म्हणून खपत नाहीत. कमावत्या लेकीनं स्वतःच्या पगाराचे नि रजेचे कागद जोडायचे. मुलाच्या नि माझ्या अर्जाला यांचं खर्च उचलत असल्याचं पत्र. 'व्यवसाय' या रकान्यात मी गृहिणी लिहिलं, पण माझ्या मानधनाचं पासबुकही जोडलं. थोडकेच आहेत, पण माझे आहेत.

कुठलं संग्रहालय कधी बंद ते आधी बघा आणि मग दिवस लावा. फ्लोरेन्सचं उफिझी नि मायकेलँजेलोचा डेव्हिड असलेली अकादमी सोमवारी बंद, नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट बरोबर लागतो. चर्चमध्ये खांदे नि गुडघे झाकलेले हवेत; आपला पंजाबी ड्रेस तिथं उत्तम! व्हेनिसला पुलापुलावर पायऱ्या आहेत, म्हणून बॅग आपली आपल्याला उचलेल एवढीच. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात, तेव्हा रिकामी बाटली जवळ ठेवा. आणि पक्क्या शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. पार्मेजान चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पिझ्झा मारिनारा मागवला तर त्यात टोमॅटो, लसूण नि ओरेगानो असतं, चीज नसतंच.

आता राहिला आईंचा प्रश्न. बारा दिवस त्यांच्याजवळ कोण? कोल्हापूरहून नणंद येतेय. औषधांची यादी, डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, सगळं यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. त्यांची आई, त्यांची यादी! हेही वहीमुळंच झालं, कारण कामांपुढं नावं घालताना माझं नाव आधीच चार ठिकाणी होतं.

तारखा अनंत चतुर्दशीनंतरच्या निघाल्या, म्हणजे पितृपंधरवडा. साहजिकच नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या. "पितृपक्षात कुणी मौजमजेला जातं का?" असं एका दूरच्या काकूंनी घरी येऊन विचारलं. त्यांना उत्तर आईंनीच दिलं, "पितरांच्या पंधरवड्यात माझ्या वडिलांकडंच चाललेत की. आजवर कोण गेलंय?" काकूंनी चहा घेतला नि विषय बदलला.

आईंनी आमच्यावर काम एकच सोपवलंय. फुलं वाहा, हार घाला, असलं काही नाही. "नावाचा फोटो मोठा काढा. मला चष्मा लावून वाचता आला पाहिजे." नाव तिथं इंग्रजीत आहे आणि आईंना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून लेकीनं ते इंग्रजीत नि खाली मराठीत, ठसठशीत अक्षरांत एका कागदावर काढून दिलंय. रोज दुपारी त्या एकेक अक्षर जुळवत बसतात. आम्ही परत येईपर्यंत वाचायला शिकणार आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी इटली असो नाहीतर इंदूर, नकाशा जरा नंतर उघडा. आधी वही उघडा. घरी थांबणाऱ्यांनाही विचारा. आणि वही आपल्यापुढं आली की "तुमचं तेच माझं" म्हणून ती पुढं सरकवू नका.