ज्येष्ठांच्या घरांचे भाव वाढले; जालन्यात धंदा कुठे आहे?

आजचा विषय घरांचा आहे, पण शेवटी तो तुमच्या धंद्यावरच येणार आहे.

पुण्यात परांजपे स्कीम्सची 'अथश्री', लवासात आशियानाचं 'उत्सव', असे फक्त ज्येष्ठांसाठी बांधलेले गृहप्रकल्प आहेत. लिफ्ट, डॉक्टर, जेवण, सोबत, सगळं एकाच आवारात. मुलगा पुण्यात नोकरीला असला की आपल्या अंबड-भोकरदनच्या घरांतही तिकडे फ्लॅट घ्यायची चर्चा निघते. पण मागणी वाढतेय आणि असे प्रकल्प मोजकेच, म्हणून भावही चढेच. लोक म्हणतात, "भाव वाढतोय म्हणजे फायदाच ना?"

थांबा, हिशोब करू. राहत्या घराचा भाव वाढला म्हणून किराणा भरता येत नाही. तो पैसा घर विकल्यावर हातात येतो, म्हणजे बहुतेक वेळा वारसांच्या. आई-वडिलांना दर महिन्याला लागते ती रोख रक्कम.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2023 पासून एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500 रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला 20,500. पाच वर्षं हा आकडा हलत नाही. आता समजा सोसायटीचा मेंटेनन्स आणि जेवण मिळून महिन्याला 14,000 लागतात आणि ते दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढतात. पाच वर्षांनी हाच खर्च 20,571 होतो. व्याज तिथंच संपलं! औषधं अजून बाकीच आहेत. म्हणून जालन्यातलं घर विकून तिकडे जाण्याआधी फ्लॅटची किंमत विचारा, पण त्याच्याआधी महिन्याचा खर्च आणि तो वाढण्याचा नियम लेखी मागा.

आता आपल्या कामाचं. हे गणित न जमणारी माणसं जातात कुठं? कुठंच नाही. ती जुन्या जालन्यातल्या, परतूर-मंठ्यातल्या आपल्याच घरात राहतात. उंच उंबरा, गुळगुळीत फरशी, धरायला काही नसलेला संडास, असं ते घर. एकदा पाय घसरला की मांडीचं हाड मोडतं आणि अख्खं घर अडकून पडतं.

महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान सोयींचे नियम काढले. दरवाजा किमान 900 मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल असा रस्ता, न घसरणारी फरशी, धरायला दांडे. बिल्डरसाठी ही अट आहे. तुमच्यासाठी ही तयार कामांची यादी आहे!

जालना स्टीलचं गाव. फॅब्रिकेटर, सुतार, फरशीवाला, प्लंबर सगळे इथंच आहेत. पण म्हाताऱ्या माणसाचं घर बघून, मापं घेऊन, चौघांचं काम एका बिलात करून देणारा माणूस किती ठिकाणी दिसतो? तो तुम्ही व्हा. सुरुवात अशी करा:

1. आधी ओळखीच्या पाच घरांत जा. आजी-आजोबा रात्री उठून संडासपर्यंत कसे जातात, ते त्यांनाच विचारा.
2. दांडा, उंबऱ्याचा उतार, फरशी, प्रत्येकाचा दर वेगळा लिहा. एकत्र आकडा सांगितला की गिऱ्हाईक बिचकतं.
3. दांडा विटेच्या भिंतीत पक्का बसवा आणि स्वतः लोंबकळून बघा. तो सुटला तर माणूस पडेल. इथं स्वस्त स्क्रू चालत नाही.
4. सहा महिन्यांनी तपासायला जा. पुढचं काम तिथूनच मिळतं.

आणि प्लॉट-फ्लॅटची दलाली करायची असेल, तर महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी लागते आणि त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. नोंदणीशिवाय त्यात पडू नका.

भाव वाढले तरी आपल्या घरातली म्हातारी माणसं आज रात्रीही त्याच फरशीवरून चालणार आहेत. पहिलं माप स्वतःच्या घरातलं घ्या.