काचेला चिकटलेला फोटो आणि मॅट पेपरची गोष्ट

आजच्या भागात कोड नाही, ॲप नाही. आज बोलायचंय कागदाबद्दल. हे त्या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे सगळे एकत्र दिलेत.

सुरुवात आमच्या रत्नागिरीच्या घरातून. गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर भिंती रंगवायला काढल्या आणि माजघरातली आजोबांची फ्रेम खाली उतरवली. स्टुडिओत काढलेला जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो. आजोबांचा आमच्याकडे हा एकच फोटो आहे. काचेच्या आत बुरशी दिसली म्हणून मागचा पुठ्ठा काढला, तर फोटो जागचा हलेना. आजी लगेच म्हणाली, "अरे, ह्यांचा चेहरा काचेला धरलाय. ओढू नको हां!"

मी ओढला नाही, हे फार बरं झालं. का, ते सांगतो. जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. जिलेटिन ओलावा शोषून फुगतं आणि चिकट होतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा हवेत फोटो काचेला टेकलेला असेल तर तो डिंकासारखा चिकटून बसतो. ओढला की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो.

तुमच्याकडे असं झालं असेल तर फोटो सोडवायला जाऊ नका. काचेसकट त्याचा फोटो काढा. फ्लॅश बंद, उजेड खिडकीतून एका बाजूने येणारा, आणि मोबाइलच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब दिसणार नाही. मोबाइल फ्रेमला अगदी समांतर ठेवा. मूळ फ्रेम कोरड्या जागी जपून ठेवायची आणि भिंतीवर नवी प्रिंट लावायची.

आता ती प्रिंट कशावर काढायची?

मी आधी ग्लॉसी पेपरवर काढली. हातात भारी दिसत होती. भिंतीवर लावली तर समोरच्या खिडकीचा उजेड नेमका चेहऱ्यावर! मग मॅट आणला. मॅट पेपरवर सिलिकासारख्या बारीक कणांचा लेप असतो. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्यामुळे उजेड विखुरतो आणि चकाकी येत नाही. बोटांचे ठसेही फार उठत नाहीत. गुळगुळीत थर नसल्यामुळे काचेला चिकटायचा धोकाही कमी.

पण मॅटवर काळा रंग ग्लॉसीइतका गडद येत नाही. भडक रंगांचा, समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटो असेल तर ग्लॉसीच घ्या. जुने फोटो, चेहरे, भिंतीवरच्या फ्रेमसाठी मॅट.

पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. साधा झेरॉक्सचा कागद ७०–८० जीएसएमचा. मॅटमध्ये १०० ते १३० चा कागद तक्ते, शाळेचे प्रोजेक्ट यांना पुरतो. फ्रेमसाठी १७० ते २३० घ्या. मात्र तुमचा प्रिंटर किती जाड कागद ओढतो, ते आधी माहितीपुस्तिकेत बघा. कागद मागून घालायची सोय असेल तर जाड कागद तिथूनच घाला. खालच्या ट्रेमधून तो वळून जातो आणि अडकू शकतो. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये अजिबात नको, तिथल्या उष्णतेने लेप खराब होऊ शकतो.

बहुतेक मॅट पेपरला लेप एकाच बाजूला असतो. जास्त पांढरी दिसते ती छापायची बाजू. कळत नसेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा. लेपाची बाजू बोटाला जरा धरते.

सगळ्यात जास्त चुका होतात सेटिंगमध्ये. मोबाइलवरून प्रिंट दिली की कागदाचा प्रकार बऱ्याचदा 'प्लेन'च राहतो. शाई किती सोडायची, रंग कसे मिसळायचे, हे प्रिंटर त्या एका सेटिंगवरून ठरवतो. मॅटवर प्लेन ठेवलं तर फोटो फिका येतो. ग्लॉसी ठेवलं तर शाई जास्त पडून सावल्यांचे डाग होऊ शकतात. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा कॉम्प्युटरवर 'मॅट' निवडा आणि क्वालिटी 'हाय' ठेवा.

आता पिक्सेल. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ४ × ६ इंचासाठी १२०० × १८००, ए-फोरसाठी साधारण २४८० × ३५०८. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की बारीक होतो. समजा लांब बाजू १६०० पिक्सेलच उरली, तर ए-फोरवर इंचाला जेमतेम १३७ मिळतात. म्हणून मुंबईच्या काकाकडून फोटो मागवताना सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव." छापण्याआधी मोबाइलचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा आणि मग एडिट करा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. आधी ४ × ६ वर एक चाचणी प्रिंट काढा. माझी पहिली काळोखीच आली होती.

शाईचंही बघा. घरगुती इंक टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुतेक वेळा डाय प्रकारची असते. ती पाण्याने पसरते आणि उन्हाने उडते. पिगमेंट शाई जास्त टिकते. डायची प्रिंट असेल तर फ्रेम थेट उन्हाच्या भिंतीवर नको.

आणि आपल्याकडचा खास नियम: पेपर पापडासारखा सांभाळा. सादळलेल्या कागदावर शाई पसरते, कागदाच्या कडा वळतात. उघडलेलं पाकीट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. प्रिंट झाल्यावर हात फिरवू नका, मॅटवर घासल्याची खूण राहते. निदान एक दिवस वाळू द्या. घाईने फ्रेममध्ये घातली तर शाईतला ओलावा काचेवर धुक्यासारखा जमतो.

शेवटची गोष्ट, फ्रेमवाल्याला आवर्जून सांगायची: "मध्ये माउंट टाका." फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट बसली की फोटो आणि काच यांच्यात फट राहते. आजोबांच्या फ्रेममध्ये नेमकी तीच नव्हती.

नवी प्रिंट गणपतीच्या आधी लागली. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "आता खिडकी दिसत नाही, हे दिसतात."

तुमच्या घरात भिंतीवर काचेला टेकलेला जुना फोटो असेल, तर या रविवारी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्रिंट नंतर करता येईल. भेटू पुढच्या भागात!